भातानंतरच्या चवळीला शेणखत किती, रासायनिक खत किती? (१० गुंठे, मुरबाड)

सरळगाव_खाचर

नमस्कार मंडळी. मुरबाड तालुक्यात भाताचं १० गुंठ्यांचं खाचर आहे. झोडणी उरकली की त्यात चवळी घ्यायची आहे, हिरव्या शेंगांसाठी, कल्याणच्या बाजारात देता येईल अशी. जात पुसा कोमल, झुडपी. विहिरीचं पाणी फेब्रुवारीपर्यंत जेमतेम पुरतं, त्यामुळे भर सगळा जमिनीतल्या ओलीवर आणि मधल्या तीन-चार पाण्यांवर.

माती परीक्षणाचा अहवाल: सामू (पीएच) ५.८, सेंद्रिय कर्ब ०.६५ टक्के, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी ९ किलो, पालाश (पोटॅश) २८० किलो. घरचं शेणखत एक ट्रॉली, दोन टनांच्या आसपास. त्यातलं अर्धं नीट कुजलेलं, अर्धं अजून कच्चं.

गावात दोन मतं आहेत. एक म्हणतं, कडधान्याला खत लागतच नाही, ते स्वतःच हवेतून नत्र (नायट्रोजन) घेतं. दुकानदार म्हणतो, १५:१५:१५ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच टक्क्यांत असलेल्या खताची) गोणी टाका आणि फुलावर आलं की युरियाची एक. नेमकं काय, किती आणि कधी द्यावं? शेणखत सगळं ओतलं तर बाकी काही न देता चालेल का?

मातीचा_अहवाल

दादा, अहवाल सोबत दिलात ते फार बरं केलंत. नऊ किलो स्फुरद म्हणजे 'कमी' गटातलं, आणि पालाश भरपूर. म्हणजे या खाचरात चवळीचं घोडं अडणार ते स्फुरदावर, नत्रावर नाही. गावातल्या दोन्ही मतांनी नेमकी हीच गोष्ट सोडली आहे.

भातानंतर ही अडचण आणखी वाढते. खाचरात पाणी साचलेलं असतं तेव्हा हवेअभावी लोहाचं रूप बदलतं आणि त्याला बांधलेलं स्फुरद मोकळं होतं, म्हणून भाताला स्फुरदाची फारशी टंचाई जाणवत नाही. पाणी उतरून जमीन वाळायला लागली की तेच लोह पुन्हा हवेशी संयोग पावतं आणि स्फुरद धरून ठेवतं. त्यावर सामू ५.८. त्यामुळे त्याच खाचरात भात चांगला आला तरी पाठोपाठची चवळी बारीक, गडद हिरव्या पानांची आणि खुरटी राहू शकते. थंडीत मुळं हळू चालतात, तेव्हा स्फुरद दूर असेल तर रोप तिथवर पोचायला उशीर होतो.

आता हिशोब. चवळीला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद धरतात. गुंठा म्हणजे ढोबळमानाने हेक्टरचा शंभरावा भाग. तुमच्या १० गुंठ्यांना अडीच किलो नत्र आणि पाच किलो स्फुरद लागेल. पालाश द्यायची गरज नाही.

स्फुरद देण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. सिंगल सुपर फॉस्फेट (१६ टक्के) घेतलं तर ३१ किलो, सोबत युरिया (४६ टक्के) साडेपाच किलो. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत) घेतलं तर ११ किलो. त्यातून स्फुरद पूर्ण आणि नत्र जवळपास दोन किलो मिळतं, वर युरिया एक-सव्वा किलो पुरे. मी सुपर निवडेन. त्यात कॅल्शियम आणि ११ टक्क्यांच्या आसपास गंधक येतं, आणि आपल्या आम्लधर्मी जमिनीत चवळीला दोन्ही उपयोगी. दाणेदार सुपर मिळालं तर भुकटीपेक्षा चांगलं, कारण मातीशी कमी भिडतं म्हणून कमी बांधलं जातं.

१५:१५:१५ का नको? पाच किलो स्फुरदासाठी ते ३३ किलो लागतं आणि त्याच्याबरोबर नत्रही पाच किलो जातं, गरजेच्या दुप्पट. पालाशाचे पैसे वेगळे वाया. आणि फुलावर युरियाची ४५ किलोची गोणी म्हणजे आणखी २० किलो नत्र, १० गुंठ्यांच्या शिफारशीच्या आठपट. असं पीक कमरेएवढं वाढतं, वेल फेकतं, पानं रुंद आणि मऊ होतात, फुलं उशिरा येतात आणि गळतात, कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा चढतो. जमिनीत तयार नत्र मुबलक मिळालं की रोप मुळांवरच्या, हवेतलं नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या गाठींना अन्न पुरवत नाही. गाठी कमी धरतात, धरल्या त्याही काम करत नाहीत. म्हणजे पैसे खर्चून फुकटचं नत्र बंद करायचं.

पण 'खत लागतच नाही' हेही बरोबर नाही. उगवणीनंतर पहिले दोन-तीन आठवडे गाठी कामाला लागलेल्या नसतात. तेवढा काळ निभावून नेण्यापुरतं थोडं नत्र पेरणीलाच हवं, म्हणून ते २५ किलो. आणि स्फुरद तर गाठी हवेतून आणत नाहीत. उलट नत्र बांधायच्या कामाला ऊर्जा लागते आणि ती स्फुरदावर चालते, म्हणून स्फुरद नसलेल्या जमिनीत गाठीही बारीक आणि मोजक्या दिसतात. स्फुरद पुरेसं मिळालं की मुळं फुटतात, फुलं लवकर धरतात, झाडावर शेंगा जास्त लागतात आणि दाणा भरतो. चवळीचं उत्पन्न मुख्यतः झाडागणिक शेंगांच्या संख्येवर ठरतं.

देशी_गोठा

वरचा हिशोब पटला, पण शेणखताला त्यात बाजूला बसवू नका. ओलीवरच्या पिकात शेणखताचं मोठं काम पाणी धरण्याचं आहे. भाताच्या चिखलणीने वरचा थर दाबला गेलेला असतो, वाळला की भेगा पडतात आणि चवळीचं सोटमूळ त्या दाबलेल्या थरातून खाली जायला झगडतं. कुजलेलं खत मिसळलं की माती भुसभुशीत राहते, ओल जास्त दिवस टिकते, गाठींना हवा मिळते. शिवाय कुजलेल्या खतातली सेंद्रिय आम्लं लोहाला गुंतवून ठेवतात, त्यामुळे दिलेलं स्फुरद कमी अडकतं.

सगळी ट्रॉली मात्र टाकू नका. हेक्टरी ५ ते १० टन म्हणजे १० गुंठ्यांना अर्धा ते एक टन. नीट कुजलेला भाग तेवढाच आहे ना, तोच वापरा. कच्चं शेण टाकलं तर हुमणी आणि वाळवी येते, तण येतं. त्यात भाताचा पेंढा आणि तूस न कुजता राहिलेलं असेल तर ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात आणि पंधरा दिवसांची चवळी पिवळी पडते. मग माणूस घाबरून युरिया टाकतो आणि पुढचं सगळं बिघडतं. कुजलेलं कसं ओळखायचं: मुठीत दाबल्यावर हाताला वास मातीचा, रंग काळपट, पेंढ्याची काडी बोटांनी सहज तुटते आणि ढिगात हात घातला तर गरम लागत नाही. कच्चा अर्धा भाग वेगळा ढीग करून ओलसर ठेवा, महिन्यातून एकदा उलटा, पुढच्या भाताच्या आवणाआधी तयार होईल.

कोंबडीखत कुणी देत असेल तर जपून. त्यात नत्र शेणखताच्या कितीतरी पट, दोन-अडीच टक्क्यांच्या वर जातं, आणि ताजं असेल तर अमोनियाने कोंब जळतात. तीन महिने कुजवलेलं, गुंठ्याला आठ-दहा किलो, त्याहून जास्त चवळीला नको.

रासायनिक अजिबात नकोच असेल तर स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट (स्फुरदयुक्त खडकाची भुकटी) हा रस्ता आहे. आम्ल जमिनीत ते विरघळतं, आपल्याकडचा सामू त्याला अनुकूल. पण पेरणीच्या दिवशी टाकून या हंगामात काम होणार नाही. उन्हाळ्यात खड्डा भरताना शेणाच्या थरांमध्ये टाकावं लागतं, एक टन खताला २५ ते ३० किलो, वरून स्फुरद विरघळवणारे जिवाणू. चार-पाच महिने कुजलं की ते खत चवळीला सरस लागतं. यंदा ती वेळ गेली आहे.

मातीचा_अहवाल

गोठेवाल्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य. फक्त 'सगळं शेणखत ओतलं तर बाकी काही न देता चालेल का' या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देतो. साधारण शेणखतात नत्र ०.५ टक्के, स्फुरद ०.२, पालाश ०.५. एक टनातून नत्र पाच किलो, स्फुरद फक्त दोन किलो. पाच किलो स्फुरद निव्वळ शेणखतातून द्यायचं तर अडीच टन लागेल, आणि त्यासोबत साडेबारा किलो नत्र जाईल. शेणखताचं नत्र हळू सुटतं, पहिल्या हंगामात त्यातला तिसरा-चौथा हिस्साच हाती येतो, तरीही तोल नत्राकडे झुकतो. म्हणून चवळीत ही दोन्ही खतं एकमेकांना पर्याय नाहीत. शेणखत एक टन असेल तर मी युरिया साडेपाचवरून तीन किलोवर आणेन, सुपर मात्र पूर्ण ३१ किलो ठेवेन.

जीवामृताबद्दलही (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेलं द्रावण) विचारलं जातं, म्हणून सांगून ठेवतो. एकराच्या २०० लिटरमध्ये १० किलो शेण असतं. जिवाणूंसाठी द्यायचं तर द्या, पण त्यातून स्फुरदाची भूक भागेल असं धरू नका.

देण्याची पद्धत मात्रेइतकीच महत्त्वाची. ओलीवरच्या पिकात वरून फेकलेलं खत कोरड्या थरात पडून राहतं आणि मुळं खाली ओलीत असतात. त्यामुळे असं करा: वाफसा आला की ७५० किलो शेणखत पसरून हलकी कुळवणी, त्याच दिवशी फळी फिरवून ओल दाबून टाका. उरलेलं २५० किलो चाळून त्यात सुपर मिसळा, हाताला ओलसर लागेल इतपत पाणी शिंपडून सावलीत आठ-दहा दिवस झाकून ठेवा. म्हणजे हे मिश्रण झोडणीच्या दिवसांतच करून ठेवायला हवं. ४५ सेंटिमीटरवर सरी ओढा, १० गुंठ्यांत साधारण २,२५० मीटर सरी होते, म्हणजे मीटरला या मिश्रणाच्या दोन मुठी. युरिया त्याच दिवशी वेगळा, चिमटीने. आधीच सुपरमध्ये मिसळून ठेवला तर सगळं चिकट होतं. खतावर दोन बोटं माती ओढा आणि बी त्या रेषेच्या किंचित बाजूला, १५ सेंटिमीटरवर टोका. खत बियाण्याखाली आणि बाजूला पाच सेंटिमीटर राहिलं पाहिजे. बी खताला टेकलं तर क्षारांनी कोंब करपतो, डीएपी असेल तर आणखीच.

एसआरटीचे (सगुणा भात तंत्राचे, म्हणजे बिननांगरणीच्या भाताचे) गादीवाफे असतील तर कुळवणीची गरज नाही. शेणखत वाफ्यावर पसरा आणि सुपरचं मिश्रण टोकणीच्या छिद्राशेजारी दुसरं छिद्र करून घाला. मजुरी वाढते, पण ओल टिकते.

वरकस

जिवाणू संवर्धनाचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते. पाकीट घेताना त्यावर कुठल्या पिकाचं रायझोबियम (मुळांवर गाठी धरणारे जिवाणू) आहे ते वाचा. चवळी, मूग, उडीद, भुईमूग यांचा गट एकच, वालालाही तेच चालतं. हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं पाकीट चवळीवर गाठी धरत नाही, आणि रब्बीच्या तोंडाला दुकानात हरभऱ्याचंच जास्त असतं. अंतिम तारीख बघा, उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका.

१० गुंठ्यांना दोन किलो बी पुरतं. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धन, म्हणजे तुम्हाला ५० ग्रॅम रायझोबियम आणि ५० ग्रॅम स्फुरद विरघळवणारं. थोडं जास्त झालं तर बिघडत नाही. गुळाचं पाणी करून गार झाल्यावर त्यात कालवा, बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी टोका. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आदल्या दिवशी, संवर्धन शेवटी. ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) सोबत चालतो. आणि चोळलेलं बी सुपरच्या घमेल्यात हात घालून त्याच हाताने टोकू नका, सुपर आम्लधर्मी असतं, जिवाणू मरतात. एक माणूस खताला, दुसरा बियाण्याला.

पुढे पीक वाचायला शिका. पंचविसाव्या दिवशी चार-पाच ठिकाणची रोपं कुदळीने मातीच्या गोळ्यासकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. पाण्यात हलकेच धुवा. सोटमुळाजवळ ठसठशीत गाठी, नखाने फोडल्यावर आतून गुलाबी-लाल, तर नत्राची चिंता मिटली. आतून पांढऱ्या असतील तर अजून तयार व्हायच्या आहेत, आठवड्याने पुन्हा बघा. हिरवट किंवा तपकिरी असतील तर मेल्या आहेत. बहुतेक वेळा कारण पाणी साचणं. खाचराला बांध असतो, पाणी देताना एका कोपऱ्यात तुंबतं, तिथल्या गाठी गुदमरतात आणि तेवढाच पट्टा पिवळा पडतो. अशा जागी बांध फोडून चर काढा, युरिया हा त्यावरचा उपाय नाही.

पिवळेपणाचेही प्रकार आहेत. खालची जुनी पानं आधी सारखी पिवळी झाली तर नत्र कमी. शेंड्याकडची नवी पानं सबंध फिकट तर गंधकाचा संशय, सुपर दिलं असेल तर हे सहसा दिसत नाही. पानावर हिरवे-पिवळे ठिपके-चट्टे मिसळलेले दिसले तर तो मोझॅक, विषाणू. तो पांढऱ्या माशीने किंवा माव्याने पसरतो, कुठल्याही खताने बरा होत नाही. अशी झाडं सुरुवातीलाच उपटून शेताबाहेर न्या.

फुलावर आल्यावर जमिनीतून खत नको. दोन टक्के डीएपीची फवारणी करा: ५० लिटर पाण्याला एक किलो, १० गुंठ्यांना पुरतं. रात्री थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी वरची निवळ फडक्यातून गाळून पंपात घ्या, नाहीतर नोझल चोंदतं. पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा. संध्याकाळी फवारा, सकाळी फुलं उघडी असतात.

पाण्याचं म्हणाल तर तीन-चारच असतील, तर एक फुलं लागताना आणि एक शेंगा भरताना राखून ठेवा. या दोन वेळी ताण बसला तर खताचा सगळा खर्च मातीत राहतो, शेंगेत येत नाही.

नेरूळ_टेरेस

मध्येच विचारते, माफ करा. गच्चीवर १५ लिटरच्या पिशव्यांमध्ये चवळी आहे. माती, कोकोपीट आणि घरच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट समान भागात. पानं भरघोस, वेल कठड्यावर चढलाय, दीड महिना झाला तरी शेंग नाही. खत कमी पडतंय का?

वरकस

ताई, कमी नाही, जास्त पडतंय. एक तृतीयांश कंपोस्ट म्हणजे चवळीसाठी नत्राची रेलचेल, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं तर आणखी. पुढच्या वेळी कंपोस्ट पाचवा हिस्सा, कोकोपीट दोनदा धुऊन पाचवा हिस्सा, बाकी माती. १५ लिटरला दोनच रोपं. शेतातल्या मात्रेच्या हिशोबाने रोपाला दोन ग्रॅम सुपर येतं, म्हणजे पिशवीला सपाट चहाचा चमचाभर, तेही लावण्याआधी तळापासून अर्ध्यावर. आताच्या झाडांना आणखी काहीही घालू नका, पाणी मातीचा वरचा इंचभर सुकल्यावरच द्या, शेंडे खुडा. आणि ऊन बघा. शेजारच्या इमारतीची सावली दुपारी पडत असेल तर सहा तास ऊन भरत नाही, आणि सावलीत चवळी नुसती पानंच काढते.

सरळगाव_खाचर

सगळ्यांचे मनापासून आभार, गणित स्पष्ट झालं. सुपर आणि शेणखत उद्याच कालवून ठेवतो. दोन शंका राहिल्या. सामू ५.८ आहे तर चुना टाकू का? आणि चवळीनंतर पावसाळ्यात भाताचा युरिया कमी करता येईल का?

मातीचा_अहवाल

चुन्याची यंदा घाई नको. ५.८ वर चवळी नीट येते. साडेपाचच्या खाली असता तर गाठींना लागणारं मॉलिब्डेनम मिळेनासं होतं, तेव्हा चुना टाळता आला नसता. द्यायचाच झाला तर गुंठ्याला दोन-अडीच किलो शेतीचा चुना, खतं द्यायच्या निदान पंधरा दिवस आधी. युरिया, डीएपी किंवा शेणखताबरोबर चुना मिसळला तर अमोनिया उडून जातो, सुपरमध्ये मिसळला तर स्फुरद बांधलं जातं. भातकापणी आणि टोकणी यांत तुमच्याकडे पंधरा दिवस नाहीत, आणि थांबलात तर ओल जाईल. ओल महत्त्वाची.

भाताचं सांगायचं तर ते चवळीचा पाला कुठे जातो यावर आहे. शेंगा तोडून झाल्यावर झाडं उपटून गुरांपुढे टाकली तर बहुतेक नत्र गोठ्यात गेलं, खाचरात थोडंच राहिलं. मग भाताची मात्रा कमी करू नका, ते शेण तेवढं परत आणा. झाडं जमिनीलगत कापून मुळं आत ठेवली आणि पाला हिरवा असतानाच त्याच खाचरात गाडला, तर पहिल्या वर्षी भाताच्या युरियाचा फुटव्याच्या वेळचा हप्ता थोडा हात राखून द्या आणि पानाचा रंग बघून पुढचं ठरवा. फेब्रुवारीत कापलेला पाला उघडा पडला तर एप्रिल-मेच्या उन्हात वाळून त्यातलं बरंचसं उडून जातं, म्हणून कापल्या दिवशीच मातीआड करा. ओल अजिबात नसेल आणि नांगर लागत नसेल, तर तो पाला कच्च्या शेणखताच्या ढिगात थर देऊन घाला. पेंढ्यामुळे अडलेलं कुजणं त्याने लवकर पुरं होईल.